शेजारच्या टेबलावरचा माणूस

आपल्या वस्त्यांतली पोरंपोरी आता हापिसात लागतायत. बँकेत, महापालिकेत, विम्याच्या कचेरीत, कॉम्प्युटरच्या कंपनीत. थोडी परमनंट, बाकी सगळी कंत्राटी. पहिल्या पगाराचे पेढे वाटून महिना होत नाही तोच त्यांचे चेहरे उतरलेले दिसतात. विचारलं की म्हणतात, "काम जमतं, दादा. माणसं जमत नाहीत."

माणसं जमावीत म्हणून हल्ली कंपन्या ट्रेनिंग ठेवतात. टाय लावलेला एक गृहस्थ येतो. पडद्यावर चित्रं दाखवतो. सांगतो, सहकाऱ्यांशी हसून बोला, त्यांचे वाढदिवस लक्षात ठेवा, वादाचे विषय काढू नका, म्हणजे संबंध चांगले राहतात. जेवणाची सुट्टी झाली की तोच गृहस्थ विचारतो, "आडनाव काय म्हणालात? गाव कुठलं?"

ज्यांचा पाट हापिसात आधीच मांडलेला आहे त्यांच्यासाठी हा सल्ला ठीक आहे. आपला पोरगा हसून बोलला तर तो लाळघोट्या. नाही हसला तर माजलेला. काम चोख केलं तर "त्यांच्यातला असून हुशार आहे". एक आकडा चुकला तर "कोट्यातला, दुसरं काय होणार". वादाचे विषय आपण काढावे लागतच नाहीत. आपण खुर्चीत बसतो हाच काही जणांच्या लेखी वादाचा विषय असतो.

मी बावीस वर्षं कारकुनी करतोय. कुठल्या कचेरीत ते सांगत नाही. सांगून फरकही पडत नाही, कारण या शहरातल्या दहा कचेऱ्यांत हेच चालतं. बावीस वर्षांत मला एवढं कळलं, की नेमणुकीच्या कागदाबरोबर शेजारी बसणारा माणूस मिळतो, सहकारी मिळत नाही. सहकारी घडवावा लागतो. तो गोड बोलण्यानं घडत नाही, बरोबरीनं घडतो. बरोबरी नसताना गोडी असली तर ते त्याचे उपकार. आणि उपकार करणारा माणूस ते कधी बंद करील याचा नेम नसतो.

बाबासाहेबांना कसले सहकारी मिळाले ते बघा. १९१७ मध्ये ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. कोलंबियात शिकून आलेले, लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून आलेले. त्या कचेरीत एवढं शिकलेलं माणूस शोधून सापडलं नसतं. तिथला शिपाई त्यांच्या टेबलावर फाइल लांबून फेकायचा. प्यायला पाणी मिळायचं नाही. पुढं १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. त्यांचं शिकवणं ऐकायला दुसऱ्या कॉलेजातली पोरं येऊन बसत. आणि प्राध्यापकांच्या खोलीतल्या माठातलं पाणी त्यांनी प्यायचं, याला काही प्राध्यापकांची हरकत! अर्थशास्त्राचे प्राध्यापक ते. माठाचं अर्थशास्त्र त्यांना निराळं सांगायची गरज नव्हती. म्हणजे पदवीनं सहकारी मिळतो, हुशारीनं मिळतो, हा भ्रम पहिल्यांदा डोक्यातून काढून टाका. १९२७ चा महाडचा सत्याग्रह आपण तळ्यापुरता लक्षात ठेवतो. पाण्याचा प्रश्न त्याच्याही आधी हापिसात होता.

हे झालं शिकलेल्यांचं. कामगारांचं काय होतं? गिरणगाव आपलं माहेर. त्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार चांगला, पण तिथं अस्पृश्याला प्रवेश नव्हता. का? तर धोट्यातली कांडी संपली की विणकर नवी कांडी घालायचा, आणि धोट्याच्या भोकाला तोंड लावून धागा ओढून काढायचा. त्या धोट्याला आपल्या माणसाचं तोंड लागलं तर बाकीचे विणकर बाटणार! म्हणून आपले बाप-आजे कमी पगाराच्या रिंग खात्यात. कापड तेच. ते अंगावर घालताना कुणी बाटत नव्हतं.

१९२८ चा मोठा संप झाला तेव्हा बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना रोकडा सवाल टाकला. अस्पृश्यांना विणकाम खात्यात घेण्याची मागणी तुमच्या यादीत आहे का? नसेल तर आमच्या माणसांनी तुमच्या संपात उपाशी का मरायचं? पुढाऱ्यांनी नाइलाजानं ती मागणी घातली. मालकांनी हात झटकले. म्हणाले, हा अन्याय आमचा नाही, तुमच्याच कामगारांचा आहे. मालक काही साधुसंत नव्हते. कामगार फुटलेला त्यांना हवाच होता. पण त्या वेळी ते बोलले त्यात खोट नव्हती. विणकाम खात्यातली जात मालकानं आणली नव्हती. ती शेजारच्या साच्यावरच्या कामगारानं आपल्या डब्याबरोबर घरून आणली होती.

१९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. तिथं बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मणांची जात नव्हे, समता आणि बंधुता नाकारणारी वृत्ती, आणि ती ब्राह्मणेतरांतही आहे, हेही त्यांनी बजावलं. त्याच भाषणात रेल्वेची हकीगत आहे. आपला माणूस गँगमन म्हणून लागायचा आणि गँगमन म्हणूनच संपायचा. साधं पोर्टर करत नसत. कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचंही काम करावं लागायचं, आणि घरात अस्पृश्य कसा चालणार?

एवढं सगळं भोगून याच माणसांनी त्याच वर्षी, ७ नोव्हेंबर १९३८ ला, संपाचा हक्क मारणाऱ्या विधेयकाविरुद्ध कम्युनिस्टांच्या बरोबरीनं एक दिवसाचा संप केला. ज्यांनी धोट्याला तोंड लावू दिलं नाही त्यांच्या हक्कासाठीही ते रस्त्यावर उतरले. पण मान खाली घालून उतरले नाहीत. स्वतःचा पक्ष, स्वतःचा झेंडा, स्वतःचा पुढारी घेऊन उतरले. सहकाऱ्याशी संबंध कसा ठेवायचा याचा यापेक्षा चांगला धडा मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये मिळालेला नाही.

आता आजचं. आज फाइल कुणी फेकत नाही. फाइल कॉम्प्युटरवर येते. पाणी मशीनमधून येतं. मग जात कुठं गेली? ती डब्याभोवतीच्या गप्पांत गेली. हापिसाचा फोनवर एक ग्रुप असतो, आणि त्यातल्याच काहींचा दुसरा ग्रुप असतो. कोण कुठल्या टेबलावर जाणार, कुणाची बदली होणार, कुणाला आवक-जावकमध्ये सडवणार, हे त्या दुसऱ्या ग्रुपवर आधी ठरतं. सत्यनारायणाची वर्गणी सगळ्यांनी द्यायची. सहा डिसेंबरला रजा मागितली की साहेब कपाळाला आठ्या घालतो, आणि सात डिसेंबरला कुणीतरी बाई विचारते, "किती घाण झाली हो दादरला?" लाखो माणसं रात्रभर रांगेत उभी राहिली हे तिला दिसत नाही. आपल्या पोरींना तर हे दुप्पट ऐकावं लागतं, एकदा जातीवरून आणि एकदा बाईपणावरून.

आणि हे हापिसात शिरल्यावरचं. शिरण्याआधीचंही ऐका. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये एक अभ्यास छापला. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, फक्त नावं निराळी. सवर्ण हिंदू नावाच्या मानानं दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश निघाली. मुसलमान नावाला एक-तृतीयांश. म्हणजे आपल्याला कुणी पाहिलेलं नसतं, तेव्हाच आपल्याशी संबंध कसा ठेवायचा हे कुणीतरी ठरवून टाकलेलं असतं.

मग आपली पोरं दोनपैकी एक वाट धरतात.

पहिली वाट लपण्याची. आडनाव गाळायचं, बापाचं नाव पुढं लावायचं. गाव विचारलं तर तालुका सांगायचा. फोनवरचा बाबासाहेबांचा फोटो काढून तिथं फुलं लावायची. मी यांना शिव्या देणार नाही. ज्याचं पोट हातावर आहे, ज्याला भाड्याची खोली नाव ऐकून नाकारली गेलीय, त्याला शौर्य शिकवणारा मी कोण? पण एक विचारतो. लपून जी दोस्ती मिळते ती कुणाशी असते? त्या खोट्या नावाशी. ती टिकवायला रोज "कोट्यातल्यां"वरच्या विनोदाला हसावं लागतं. घरी आल्यावर आईच्या तोंडाकडे बघवत नाही. हा पगारातून न दिसणारा कट आहे, आणि तो दर महिन्याला कापला जातो.

दुसरी वाट कोपऱ्याची. आपली चार माणसं एका कोपऱ्यात जेवतात, एकमेकांपुढं मन मोकळं करतात. तो कोपरा पाहिजेच. तो नसता तर आपल्यातले कितीतरी वेडे झाले असते. पण कोपऱ्यातच बसलात तर ज्येष्ठता यादी दुसऱ्या टेबलावर लागते. शिवाय त्या कोपऱ्याचं खरं सांगू? तिथंही महार एका बाजूला, मातंग दुसऱ्या बाजूला, चर्मकार तिसऱ्या, आणि वाल्मिकी समाजाच्या पोराला डब्यात हात घालायला बोलावतच नाहीत. मनमाडला सांगितलेला पहिला शत्रू आपल्या कोपऱ्यातही जेवायला बसतो.

मला तिसरी वाट दिसते. ती अवघड आहे, पण मी ती चालून पाहिलीय.

पहिली गोष्ट कामाची. काम असं शिका की त्या टेबलाचं कुलूप तुमच्याशिवाय उघडू नये. नियमाची पुस्तकं वाचा. सेवा नियम, बिंदुनामावली, ज्येष्ठता यादी, रजेचे नियम तोंडपाठ पाहिजेत. आणि शिकलेलं दाबून ठेवू नका. ज्ञान दाबून ठेवणं हा त्यांचा धंदा होता, हजारो वर्षांचा. आपण वाटायचं, पण अट घालून वाटायचं.

माझ्या शेजारच्या टेबलावर साताऱ्याकडचा एक मराठा पोरगा आला. कोट्याविषयी गरळ ओकतच आला. घरी दोन एकर कोरडवाहू, बापाच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज. खात्याच्या परीक्षेत हिशेबाच्या पेपरात दोनदा आपटला. मी म्हटलं, "बस, शिकवतो. पैसा नको. माझ्यासमोर जातीवरून बोलायचं नाही, आणि बोलायचंच असेल तर तोंडावर बोलायचं, पाठीमागं नाही." तीन महिने हापिस सुटल्यावर तासभर ताळमेळ घालायला शिकवलं. पास झाला. तो आंबेडकरवादी बिंबेडकरवादी काही झाला नाही. २०१६ मध्ये मराठा क्रांती मोर्चात गेला. त्या मोर्च्यांत ॲट्रॉसिटी कायदा बदलायची मागणी होती. दुसऱ्या दिवशी आम्ही कडाकडा भांडलो, सगळं हापिस बघत होतं. पण भांडला तो तोंडावर, आणि भांडून झाल्यावर चहा एकाच किटलीतला प्यालो. पुढं एका अधिकाऱ्यानं भर हॉलमध्ये माझी जात काढली आणि माझ्या गोपनीय अहवालात खोटा शेरा मारला. तेव्हा लेखी साक्ष कुणी दिली? आपल्या कोपऱ्यातले दोघे घाबरून गप्प बसले. साक्ष दिली ती या साताऱ्याच्या पोरानं. शेरा निघाला.

याला मी मैत्री म्हणत नाही. ज्याला त्याला घर असतं, तिथं त्यानं मैत्री करावी. पण सहकारी मी यालाच म्हणतो.

दुसरी गोष्ट तोंडाची. अपमान गिळायचा नाही आणि ओकायचाही नाही. गिळला तर त्यांना सवय लागते. ओकला, शिवी दिली, तर चौकशी आपली होते आणि मूळ अपमान बाजूला राहतो. तिथल्या तिथं, आवाज न चढवता म्हणावं, "साहेब, आत्ता काय म्हणालात ते परत सांगा, लिहून घेतो." आणि खरंच लिहावं. तारीख, वेळ, शब्द, हजर कोण. निम्मे शूर तिथंच गळतात.

तिसरी गोष्ट कायद्याची, आणि इथं शेजारच्या टेबलाची खरी किंमत कळते. १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्यात जातीवरून जाणूनबुजून अपमान करणं हा गुन्हा आहे. पण तो अपमान लोकांच्या देखत झालेला असावा लागतो. चार भिंतींच्या आत, कुणी तिसरा हजर नसताना केलेला अपमान त्या कलमात बसत नाही, असं सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये पुन्हा सांगितलं. आता विचार करा. हापिसात तो तिसरा कोण? पाणी प्यायला उठलेला कारकून, समोरची टायपिस्ट, फाइल घेऊन आलेला शिपाई. त्यांनी "मी ऐकलं" म्हटलं तर कायदा जिवंत. "माझं लक्ष नव्हतं" म्हटलं तर कायदा कपाटात. सहकाऱ्याशी संबंध हा म्हणूनच न्यायाचा मामला आहे, वाढदिवसाच्या केकचा नाही.

चौथी गोष्ट, भांडण सगळ्यांचं करा. जादा तास, थकलेला पगार, बायकांसाठी धड संडास नसणं, कंत्राटदारानं न भरलेला प्रॉव्हिडंट फंड, यांत पुढं आपण पाहिजे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर खातं सांभाळत होते. १९४६ च्या कारखाना कायद्यातल्या दुरुस्तीनं आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले, ती त्या खात्याची कमाई. ते सहा तास फक्त अस्पृश्यांचे वाचले का? देशपांड्यांचेही वाचले, पाटलांचेही वाचले. कोट्यावर तोंड टाकणाऱ्याला हे एकदा शांतपणे सांगा. म्हणावं, तू संध्याकाळी वेळेवर घरी जातोस त्यात आमच्या माणसाचा हात आहे.

माझा बाप रिंग खात्यात होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी कडेवर होतो. अडीच लाख कामगार बाहेर. आमच्या घरात दाणा नव्हता. त्याच गिरणीतला रत्नागिरीकडचा एक कुणबी विणकर गावावरून तांदूळ घेऊन यायचा, अर्धं पोतं आमच्या दारात ठेवायचा. आई सांगते, पहिल्या खेपेला तो दारातच उभा राहिला. तिसऱ्या खेपेला आत बसून पाणी प्याला. चौथ्या खेपेला बायकोला घेऊन आला. त्या माणसाला कुणी समतेवर भाषण दिलं नव्हतं. दोघांनी एकाच गेटवर पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या होत्या. पण याचीही हद्द सांगतो. पुढं त्याच्या मुलीचं लग्न झालं, तेव्हा पत्रिका आली नाही. बापाला वाईट वाटलं, तरी तांदळाची आठवण तो शेवटपर्यंत काढायचा. गेटवर झालेली बरोबरी घरापर्यंत जात नाही, ती आपोआप जाणारही नाही. म्हणून गेटवरची बरोबरी खोटी ठरत नाही. उरलेली लढाई किती आहे तेवढं त्यातून कळतं.

पाचवी गोष्ट सांगितल्याशिवाय मला हा लेख संपवता येत नाही. तुमच्या हापिसात झाडू मारायला, संडास धुवायला एक बाई येते. कंत्राटदाराची. ती बहुतेक आपलीच असते. तिला सगळे "मावशी" म्हणतात. सख्ख्या मावशीला कान तुटलेला कप कोण देतो? ती जिन्याखाली जेवते. आणि तिथं निळी डायरी टेबलावर ठेवून बसलेले आपले नवे साहेबही चहा पिऊन कप तसाच ठेवतात, मावशी धुवेल म्हणून. अरे, मग बडोद्याच्या शिपायात आणि आपल्यात फरक काय राहिला? त्यानं फाइल फेकली, आपण कप ठेवला. तिला डबा घेऊन वर बोलवा. तिच्या पगाराची पावती मागून बघा, किमान वेतनाशी ताडून बघा. कंत्राटदार पैसे खात असेल तर अर्ज तुम्ही लिहा, तुम्हाला लिहिता येतं. हापिसातल्या सवर्णाला बरोबरी शिकवायची तर आधी ती जिन्याखाली दिसली पाहिजे.

कुणी म्हणेल, हे सगळं आपणच का करायचं? अन्याय त्यांनी केला, सुधारायचं त्यांनी. बरोबर आहे. सुधारायचं त्यांनीच. पण ते सुधारेपर्यंत मी माझं आयुष्य आवक-जावकच्या खोलीत काढणार नाही. मला त्यांच्या हृदयपरिवर्तनाची वाट बघायची नाही. मला साक्षीदार पाहिजे, संपात बरोबर उभा राहणारा पाहिजे, ज्येष्ठता यादीत घोळ झाला तर "हे चुकलंय" म्हणणारा पाहिजे. असा एक माणूस तयार झाला तरी हॉलची हवा बदलते. मी ती बदललेली पाहिलीय.

आता काम सांगतो. तुमच्या हापिसात किती माणसं कायम आणि किती कंत्राटी, पाणी कुठं पितात, जेवायला कोण कुणाबरोबर बसतं, झाडूवाल्या बाईला हातात काय पडतं, बढतीची यादी कशी लागते, हे एका कागदावर लिहा आणि अंकाच्या पत्त्यावर पाठवा. तुमचं नाव छापणार नाही, कचेरीचंही छापणार नाही. पण लिहिताना शेजारच्या टेबलावरच्या एका तरी माणसाला विचारून लिहा, आणि तो काय म्हणाला तेही खाली लिहा.